देवाला चालणारं नाणं

रस्त्यावरच्या किराणा दुकानदाराला सगळे 'पारखी' म्हणायचे. त्यांचं खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. नोट हातात आली की ते ती उजेडात धरत, नाणं आलं की फळीवर आपटून कान देत आणि मग न्यायाधीशासारखं सांगत, "हे चालत नाही."

सगळ्यांत लहान नाणं तर त्यांनी सरसकट बंदच केलं होतं. सरकारने नव्हे, पारखींनी. पारखी घेत नाहीत म्हणून दूधवाला घेईना, दूधवाला घेत नाही म्हणून न्हावी घेईना. बिचारं नाणं चांगलं धडधाकट, अंगावर सरकारी शिक्का, पण त्याला दारात कुणी उभं करीना.

मग अशी नाणी, चिकटपट्टी लावलेल्या नोटा जायच्या कुठे? रस्त्याच्या टोकाला प्रार्थनामंदिर होतं, तिथे दानपेटी होती. जे दुकानदाराला चालत नाही ते देवाला चालतं, अशी आपणा सगळ्यांची गाढ श्रद्धा. पारखीही गल्ल्यात चुकून आलेलं नाणं आठवड्याच्या प्रार्थनेला नेत आणि डोळे मिटून पेटीत सोडत.

आयुष्यात त्यांना हौस एकच, मंदिराचं खजिनदार व्हायची. खजिनदाराला पहिल्या रांगेत खुर्ची असते. जुने खजिनदार थकले आणि यंदा ती खुर्ची पारखींकडे आली. मग काय, हुरळून त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मंदिराची उखडलेली फरशी मी दानपेटीतून करून दाखवतो. वर्गणी मागणार नाही. कमी पडलं तर माझ्या खिशातून."

"ते शेवटचं वाक्य तुम्हाला कुणी विचारलं होतं?" घरी आल्यावर बायको म्हणाली.

"अगं, पेटी जड आहे. दोघांना हलत नाही."

"कशाने जड आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही होय?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मंदिराचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यासमोर पेटी उघडली. आत भाविकांनी आपापली अडगळ ठेवली होती. पारखींचा चेहरा पडला. असं करणारे आपण एकटेच, बाकीचा रस्ता धार्मिक आहे, असं त्यांना आजवर वाटत होतं.

पेटीतली नाणी पोत्यात भरली. फरशीवाल्याने त्यात हात घातला, चार नाणी वरखाली केली.

"मी घेतो की. बँकेत विचारलंय, बंदबिंद काही नाही. पण माझ्या माणसांना बँकेच्या रांगेत उभं करू नका. संध्याकाळी ती तुमच्याकडेच सामान भरतात. तुमच्या दुकानात चालतील ना ही?"

अध्यक्ष चष्म्यावरून बघत होते. नाही म्हणावं तर खुर्ची जाते, हो म्हणावं तर पोतं घरी येतं.

"चालतील की," पारखी म्हणाले. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

तेवढ्या पैशांत अर्धी फरशी बसली आणि साबण, साखर, तेलाच्या बदल्यात पोतं दुकानात येऊन बसलं. बातमीला काय पाय लागतात? घरोघरचे डबे उपडे झाले.

"भाऊजी, एवढी घ्या," समोरच्या घरातल्या वहिनी ओंजळ पुढे करत म्हणाल्या. "तुम्हीच नको म्हणाला होतात. फेकायचा धीर होईना."

पारखींनी मुकाट्याने घेतली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुटे म्हणून दिली. पारखी घेतात म्हटल्यावर दूधवाला घेऊ लागला, मग न्हावी. महिन्याभरात ते नाणं रस्त्यावर ताठ मानेने फिरू लागलं.

नाणं चालू लागलं आणि दान थांबलं. प्रार्थनेला आलेला माणूस पेटीपाशी खिसा चाचपी. हाताला लागेल ते चालणारंच. मग हात रिकामा बाहेर काढून तो दोन्ही हात मनोभावे जोडी. रस्त्यावर इतकी भक्ती पूर्वी कधी दिसली नव्हती.

अर्धी फरशी तशीच. एका प्रार्थनेनंतर अध्यक्षांनी भरल्या सभेत विचारलं, "खजिनदार, उरलेल्या फरशीचं कसं करताय?"

पारखी खुर्चीवरून उठले. दुकानात माल भरायला ठेवलेल्या मोठ्या नोटांची घडी खिशात होती. पेटीसमोर ते इतका वेळ उभे राहिले, की मागच्यांना वाटलं, समाधी लागली.

"काय चाललंय?" मागून बायकोने हळूच विचारलं.

"जरा हिशेब जुळवतोय."

"जुळवा. देवाला घाई नाही. मागे रांग मात्र आहे."

त्यांनी घडी फटीत घातली. नोटा कोऱ्या, जाता जाईनात. शेवटी बोटाने ढकलाव्या लागल्या. आत पडल्यावर जराही आवाज झाला नाही, त्यामुळे सभेत कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पैसे गेल्यापेक्षा पारखींना तेच जास्त लागलं.