टोपलीखालचं भांडण

दातिवऱ्याच्या बायकांची भांडायची एक पद्धत आहे. बोंबील वाळत घालायच्या जागेवरून दोघींची जुंपली आणि तेवढ्यात होडी किनाऱ्याला लागली, तर दोघींनाही पळावं लागतं. मग त्यातली एक टोपली उपडी घालते. भांडण टोपलीखाली राहतं. मासळी उतरली, विकली, घरची जेवणं झाली, की टोपली उचलायची आणि समोरचीच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे सुरू. मधेच नवा विषय काढायचा नाही. एवढी शिस्त मी कुठल्या सभेत पाहिलेली नाही.

हंसाकाकू आणि दामू तांडेल यांची मुलगी भाग्यश्री याच शिस्तीत वाढली आणि बोईसरच्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर झाली. होडीवर मासे शोधायची जी यंत्रं असतात, त्यांतली चिप ही कंपनी तयार करवून घ्यायची. चिपच्या मेमरीला काम असेल तेव्हा तिला जोरात पळवायचं, नसेल तेव्हा हळू, म्हणजे बॅटरी टिकते. हा वेग बदलणारा प्रोग्राम चिपच्या पोटात कायमचा कोरलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. वर बसलेल्या लिनक्सनं, म्हणजे सगळं यंत्र चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामनं, या फर्मवेअरला हुकूम कोणत्या भाषेत द्यायचा, यासाठी सगळ्या कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा ठरवलेली आहे.

भाग्यश्रीचे तेव्हाचे साहेब, सुजीत सर, यांना सामाईक काहीच आवडत नसे. त्यांचा चहाचा कपसुद्धा वेगळा होता. आपली भाषा आपण स्वतः रचायची, असं त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं.

"सर, सगळ्यांची एक भाषा आहे ना? उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं?" भाग्यश्रीनं विचारलं. जिचं लहानपण लाटांच्या आवाजाच्या वर आईला हाक मारण्यात गेलं, तिचा साधा प्रश्नही शेजारच्या कारखान्यात ऐकू जायचा.

"भाग्यश्री," सर म्हणाले, "इथे मासळी बाजार भरलेला नाही."

सगळे हसले. सरांची भाषा चिपमध्ये कोरली गेली आणि सर मोठ्या नोकरीवर बंगळूरला गेले.

सर गेले त्या संध्याकाळी भाग्यश्रीनं आईची चांगली टोपली घेतली आणि कपाटावर उपडी घातली.

"कुणाशी भांडलीस गो?" हंसाकाकूंनी विचारलं.

"साहेबाशी. तो गेला बंगळूरला."

"मंग माझी टोपली कवा मिलल?"

"तो परत बोलेल तेव्हा."

टोपली कपाटावर वर्षानुवर्षं राहिली. तिच्यावर धूळ बसली, भांडणावर नाही. दरम्यान ती चिप दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, तिचं बारसं करून नवं नाव ठेवलं आणि भाग्यश्रीलाही चिपबरोबर ठेवून घेतलं. ती आता घरच्या पडवीतून काम करते. समोर लॅपटॉप, मागे बोंबलांची दोरी.

अलीकडे तिला या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्स आणि चिप यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, लिनक्समध्ये घालायचा होता. हे काम जगाच्या चव्हाट्यावर चालतं. आपण प्रोग्राम पाठवायचा, त्या विभागाचा राखणदार तो तपासतो, आणि दोघांची प्रत्येक ओळ कायमची सगळ्यांना दिसते. राखणदार नको म्हणाला, तर कंपनी या चिपची यंत्रं बंद करणार होती. त्यात दामूकाकांच्या होडीवरचंही एक.

मेमरी विभागाचे राखणदार निघाले सुजीत सर.

नव्या नावामुळे त्यांनी चिप ओळखली नाही. भाग्यश्रीलाही ओळखलं नाही. या नावाच्या मुली त्यांनी आयुष्यात पुष्कळ गप्प केल्या असाव्यात. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा: "सामाईक भाषा असताना ही वेगळी चूल कशाला? कोणत्या महाभागाच्या डोक्यातून हे निघालं?"

भाग्यश्री एवढ्या मोठ्यानं हसली की दोरीवरचा कावळा उडाला.

"आला का तो?" आतून हंसाकाकू.

"आला! आणि कसा आला, आई! आता 'तुमच्याच डोक्यातून' असं एका ओळीत लिहिते."

जाळं विणत बसलेले दामूकाका म्हणाले, "बाय, आदी बांगडा होडीत घे, मंग ओरड. आता चिडला तर नाय म्हनल. माझा यंत्र जाल."

भाग्यश्रीनं बाबांचं ऐकलं आणि ती कामाला बसली. आता आली का पंचाईत! जी भाषा कोरू नये म्हणून ती भांडली, तिचीच बाजू तिला मांडायची होती, आणि तीही त्या भाषेच्या बापापेक्षा, म्हणजे सरांपेक्षा, चांगली. तिला आठवली बाबांच्या जुन्या होडीवरची घंटा. तांडेल वर सुकाणूवर, इंजिनवाला आत्माराम खाली. वरून दोरी ओढली की खाली घंटा वाजायची, आणि हळू-जोरातच्या त्यांच्या खुणा दुसऱ्या कुठल्या होडीला कळत नसत. पण आत्मारामला या वयात नवी खूण शिकवायची म्हणजे होडी खडकावर घालायची.

तिनं लिहिलं ते असं. फर्मवेअर चिपमध्ये कोरलेलं आहे, विकलेल्या चिपमध्ये ते कोणालाच बदलता येणार नाही. सामाईक भाषेत एकच वेग मागता येतो. या फर्मवेअरला 'यापेक्षा हळू नको, त्यापेक्षा जोरात नको' असं सांगावं लागतं, मधलं तेच ठरवतं, कारण मेमरीवरचा ताण त्याला आपल्या आधी दिसतो. आणि हा वेगळेपणा फक्त या ड्रायव्हरच्या पोटात राहील. बाहेरच्यांना तो इतरांसारखाच दिसेल. प्रत्येक मुद्द्याला तिनं मोजमाप जोडलं. नको म्हणायला फट ठेवली नाही.

मग शेवटी सरांचं वाक्य जसंच्या तसं वर घेतलं: "कोणत्या महाभागाच्या डोक्यातून हे निघालं?" त्या जगातही समोरच्याचं वाक्य वर ठेवून खाली उत्तर द्यायची रीत आहे, भाग्यश्रीला ती कोणी शिकवायची गरज नव्हती. खाली तिनं अत्यंत आदरानं लिहिलं: "मूळ कल्पना आपली, सर. श्रेय द्यायचं राहून गेलं होतं, ते प्रोग्राममध्ये आपल्या नावानिशी जोडलं आहे."

ही ओळही चव्हाट्यावर सगळ्यांनी वाचली. मग फिनलंडच्या कुणीतरी नुसताच एक हसरा चेहरा टाकला. जपानहून दुसरा आला.

शेवटी सरांचं उत्तर आलं: "कारणं पटली. मंजूर."

पाठोपाठ खासगी निरोप आला, मराठीत, गोड. "भाग्यश्री, अभिनंदन! किती वर्षांनी! एक विनंती होती. ते माझं नाव काढता येईल का? किंवा निदान नुसती आद्याक्षरं? हवं तर पुढच्या वेळी तुझं काम मी लवकर बघेन."

भाग्यश्री उठली. कपाटावरची टोपली तिनं उचलली, धूळ झटकली आणि आईच्या हातात दिली. मग बसून उत्तर लिहिलं:

"सुजीत सर, इथे मासळी बाजार भरलेला नाही."