बशीत, उंदरात की माणसात?

"कशात?" हा मॅडमचा पहिला प्रश्न असे. कोणी म्हणो हळदीने कॅन्सर जातो, कोणी म्हणो कारल्याने शुगर उतरते, त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कशात? बशीत, उंदरात की माणसात?" समोरचा विषय बदलू लागला की चष्मा पुन्हा नाकावर येई आणि मॅडम आपल्या कामाला लागत.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर थापा मारायची सोय नसते. आमच्या गोंदियात रसायनशास्त्राच्या या मॅडम होत्या. फुलचूरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. मूळच्या नवेगाव बांधच्या. वडील तळ्यावर मासे धरायचे. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी पाच वर्षं काढली होती. वडिलांना लकवा झाला तेव्हा सगळं टाकून परत आल्या आणि इथल्या कॉलेजात पोरांना प्रात्यक्षिकात क्षार ओळखायला शिकवत बसल्या. मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि त्यांच्याकडे फुकटचा चहा प्यायला जायचो.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं. हैदराबादेत त्या काय करत होत्या ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. पेशीच्या अंगावर साखरेच्या लांबलचक साखळ्या असतात, त्या म्हणाल्या. वाढ, वाढ असा निरोप घेऊन येणारे रेणू त्या साखळ्यांना धरून पेशीपर्यंत पोचतात. कॅन्सरच्या पेशी हा निरोप ऐकतच सुटतात. मग तशाच साखळीचे सुटे तुकडे मध्ये सोडले तर? "डाकियाले भलत्याच दाराशी गप्पा मारत उभं केलं," मॅडम म्हणाल्या, "तं चिठ्ठी घरी कशी पोचंल?" पोरं हसली. एरवी त्या शुद्ध बोलत; रंगात आल्या किंवा चिडल्या की नवेगाव बांधची बोली बाहेर पडे.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या वहीत स्वतः बोट ठेवून एक वाक्य लिहायला लावलं: ही खायची साखर नव्हे, आणि हे सगळं अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच झालं आहे, माणसात नाही. त्या वाक्याखाली दोन रेघाही मारायला लावल्या.

बातमी पाठवताना ते वाक्य मी काढलं. ऑफिसात बातम्या तपासणाऱ्या डेस्कने नाही, मी. पुढे अनेक वर्षं मी डेस्कचं नाव सांगत फिरलो, म्हणून इथे स्वच्छ लिहितो. त्या वाक्यामुळे सगळ्या बातमीवर पाणी पडत होतं. बशीत झालेल्या गोष्टीला चार कॉलम कोण देणार? मथळा मिळाला, 'साखरेने रोखला कॅन्सर. गोंदियाच्या प्राध्यापिकेची किमया'. सोबत मॅडमचा फोटो. चौकात लोकांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

मॅडमनी फोन करून मला फाडून खाल्लं. खुलासा छापायला सांगितला. तो आठ दिवसांनी छापून आला, दोन ओळींचा, निविदांच्या खाली. तो मीसुद्धा शोधून वाचला. आमच्या धंद्यात चूक पहिल्या पानावर करायची आणि कबूल सातव्या पानावर करायची असं असतं, आणि याची कोणाला लाजही वाटत नाही.

कापणी झाल्यावर जवळच्या मुर्री गावचे एक शेतकरी कॉलेजात मॅडमला शोधत आले. चांगलं घर, चांगली जमीन. खांद्यावर नव्या चिन्नोर तांदळाची थैली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि हात जोडले. पुढचं मला मॅडमनीच सांगितलं, शब्दाला शब्द.

"तुमची साखर लागू पडली जी मॅडम. घरची आता दोन टाइम जेवून राहिली."

"कोनती साखर?"

"खडीसाखर. रोज सकाळी, अनशापोटी."

"काय झालं आहे त्यांना?"

बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे ठरले होते. त्यातले पाच घेऊन झाले होते.

"मंग बाकीचे शेक?"

"ते कायले जी? पेपरातच लिवून आलं तं."

मॅडम लुना घेऊन थेट माझ्या दाराशी आल्या. ते वाक्य कुठे आहे, एवढंच विचारलं. मी म्हणालो, जागा नव्हती. "जागा नव्हती," त्या म्हणाल्या, आणि मला मागे बसायला सांगितलं. लुना थेट मुर्रीत, त्या घराशी थांबवली.

आमच्याकडे पेपरात नाव आलं की कात्रण लॅमिनेट करून भिंतीला लावतात. बारावीचा निकाल, सरपंचाचा सत्कार, काहीही. त्या घरात देवाच्या फोटोशेजारी माझी बातमी लटकत होती, गुळगुळीत, हळदीकुंकू लावलेली. मॅडमनी ती खिळ्यावरून काढली. लाल पेन काढून मथळ्यावर लिहायला लागल्या, तर प्लास्टिकवर शाई धरेना. बोट लागलं की पुसून जाई. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. मग त्यांनी केसातली पिन ओढली आणि दात खाऊन ओरखडत एक एक अक्षर काढलं: बशीत.

आजारी बाई तांदूळ पाखडायचं सूप मांडीवर घेऊन हे बघत होत्या. नवरा विचारत होता, काऊन जी, का झालं? मॅडमनी त्याला सगळं समजावलं, डाकियासकट आणि "कशात?"सकट. शेवटी बाईच बोलल्या.

"मले शेकाचा भेव होता, मॅडम. अंग भाजते. म्हणून म्या बी खरं मानलं."

तिच्या भीतीला मी छापील आधार दिला होता. मी तिथे उभा होतो आणि मला पाणी विचारलं गेलं, आणि मी ते प्यायलो. आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते ती त्या पाण्यासाठी.

मॅडमनी रजा टाकून त्यांना नागपूरला नेलं. एकदा नाही, पुढचे सात-आठ महिने. गाडीत बाईचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन बसत. पण गाठ हाडात उतरली होती. वेळेवर शेक झाले असते तर काय झालं असतं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." मला बरं वाटावं म्हणून नाही, सांगता येत नव्हतं म्हणून. पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, बाई गेल्या.

मॅडम माझ्यावर पुन्हा कधी ओरडल्या नाहीत. चहाही मिळत राहिला. पण मी काहीही सांगितलं तरी "कशात?" विचारणं त्यांनी बंद केलं. नुसत्या मान हलवत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग काही वर्षांनी मॅडमही गेल्या, अचानक, हार्ट अटॅकने, निवृत्तीला दोन वर्षं असताना. कॉलेजात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो तोच, माझ्या बातमीतला. पाहुणे म्हणून कॉलेजच्या संस्थेचे एक पदाधिकारी बोलायला उठले. मॅडमच्या हयातीत त्यांच्या प्रयोगशाळेला एक नवा काचेचा तुकडा ज्यांनी घेऊन दिला नाही, तेच हे. हातात माझ्या बातमीची झेरॉक्स. घसा साफ करून म्हणाले, ज्यांनी साखरेने कॅन्सर रोखून दाखवला, अशा आपल्या मॅडम...

मी पुढच्या रांगेत होतो, वही उघडून. ते वाक्य मी उतरवून घेतलं.

मागे खुर्ची सरकली. मुर्रीचे ते शेतकरी उभे राहिले होते. खूप थकले होते, काठी धरली होती.

"कशात?" त्यांनी विचारलं.

पाहुणे थांबले. हातातला कागद उलटसुलट करून बघू लागले.

"बशीत जी," शेतकरी म्हणाले. "माणसात नाही. माणसात माही बायको होती."