मंत्री दारात येऊ नये म्हणून

तो पठाण वारल्याचं यंदा कळलं, आणि ती घटना पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. काबूलमध्ये सरकार बदलल्यानंतरचा काळ. मी तेव्हा बोईसर-तारापूर भागात तपास अधिकारी होतो.

खबर चिंचणीच्या एका घरमालकिणीने दिली. वाडीमागची खोली तिने बोईसरच्या कापड कारखान्यात काम करणाऱ्या या पन्नाशीच्या पठाणाला भाड्याने दिली होती.

"साहेब, तो रोज मोबाईलवर एका बंदूकवाल्या दाढीवाल्याला बघतो. आनि काल शेजाऱ्यानं त्याच्या दारात बकरा बांधला, तर हा मागच्या खिडकीतून पलाला!"

"बकऱ्याला घाबरला?" हवालदार हसला.

"तुमी हसा. अणुकेंद्र आमच्या उशाशी हाय."

तिचं खरं होतं. आम्ही त्याला ठाण्यात आणलं. झडतीत काही मिळालं नाही, मात्र व्हिसा संपलेला होता. मोबाईलमधला माणूस अफगाणिस्तानातला एकेकाळचा बंडखोर टोळीप्रमुख, आता तिथला मंत्री. "तू याचा माणूस का?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. तो गप्प. आरडाओरडा करणारा आरोपी लवकर बोलतो. गप्प माणसापुढे आपणही गप्प बसावं लागतं. मी चहा मागवला आणि बसून राहिलो. शेवटी हवालदारच वैतागला, "अरे बाबा, बकरे से क्यों भागा?"

तेव्हा तो रडू लागला.

"साब, ये हमारे गाँव का है. हम एक ही मस्जिद में पढ़े. फिर ये पहाड़ में गया, कमांडर बना. मेरा बेटा पुरानी सरकार की गाड़ी चलाता था. इसने उसको रास्ते में उतारकर मारा. अब वज़ीर है, तो माफ़ी माँगकर पुरानी दुश्मनी मिटा रहा है."

त्यांच्यात रीत अशी, की वैरी वडीलधाऱ्यांसह मेंढा किंवा बकरा घेऊन दारात आला, तर माफी नाकारणं म्हणजे साऱ्या कुळाची बेअब्रू. मंत्री तसा दारोदार फिरत होता; तो कुठवर पोहोचला, हेच हा रोज मोबाईलवर बघायचा. आपल्या दारात तो येऊ नये म्हणून याने घराला कुलूप लावून देश सोडला होता. दारातला बकरा पाहून त्याला वाटलं, ते चिंचणीपर्यंत आले.

"जान का डर नहीं, साब. मुझे माफ़ नहीं करना."

संशय फिटला. जिवाची भीती असती तर आश्रयाच्या अर्जात मांडता आली असती. माफ करायचं नाही, हे लिहायला कुठल्याच अर्जात जागा नव्हती. अहवाल वर गेला आणि त्याला परत पाठवण्याचा आदेश आला.

काही महिन्यांनी हवालदाराने मला एक व्हिडिओ दाखवला. मंत्री त्या पठाणाला मिठी मारत होता, भोवती लोक आनंदाने बघत होते. याचे दोन्ही हात खाली लोंबत होते.

आम्ही पोलीसही दोन पक्षांना समोरासमोर बसवून सहज म्हणतो, "मिटवून टाका." ज्याचं काही गेलेलं नसतं, त्यालाच मिटवण्याची घाई असते, एवढं मी या प्रकरणात शिकलो. पुढे मासवणची एक बाई मुलाच्या खुनाची फिर्याद घेऊन आली. मागोमाग गावचे पुढारी हात जोडत आले. त्यांना मी बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, "बाई, माफ करायचंय?"

"नाय."

"मग सांगा. लिहून घेतो."