हललो नाही, बरं का!

“हललो नाही, बरं का!” कॅमेऱ्याखालून बाहेर येताना काका हे असं सांगत, जणू वर्गात पहिला नंबर आलाय. दोन्ही हात डोक्यावर, तसेच. मी म्हटल्याशिवाय खाली येत नसत.

अमेरिकेत नोव्हाय गावाजवळच्या एका हॉस्पिटलात मी न्यूक्लियर मेडिसिनची टेक्निशियन होते. नव्वदीचं दशक, बॉबकट, कडक इस्त्रीचा पांढरा कोट. अमेरिका माझ्याच जिवावर चाललीय, असा माझा समज. काका वर्ध्याचे, इथे मुलाकडे राहणारे. हृदय थकलेलं, चार पायऱ्यांत धाप. आमच्याकडे एका अभ्यासासाठी हृदयाच्या मज्जातंतूंचे फोटो काढत. किरणोत्सर्गी औषध टोचायचं, एक फोटो लगेच, दुसरा चार तासांनी. मज्जातंतू दमलेले असले की औषध धरून ठेवत नाहीत. दुसऱ्या फोटोत हृदय फिकं पडतं.

काकांचं तर जवळपास दिसेचना. रिझल्ट फक्त डॉक्टरांनी सांगायचा, असा नियम. मी चकार शब्द काढला नाही. पण माझं पडलेलं तोंड!

“समजलं पोरी,” काका म्हणाले. “अक्काची भेट राहिली म्हणायची.”

अक्का म्हणजे वर्ध्याची थोरली बहीण, ऐंशीची. विमानात बसायला डॉक्टरांचा होकार हवा होता.

हृदयासाठी नवं औषध सुरू झालं. काही महिन्यांनी काका पुन्हा माझ्या कॅमेऱ्याखाली. या वेळी मी आठवडाभर आरशासमोर निर्विकार चेहऱ्याची तालीम केली होती. दुसरा फोटो आला. हृदय चांगलं उजळलेलं! आणि मी? देवळाबाहेरचा दगड.

“काऊन वं, एवढं खराब आहे?” काकांचे डोक्यावरचे हात मी न सांगताच खाली आले.

झालं. माझ्या तालमीने त्या माणसाला अर्धमेलं केलं होतं. “डॉक्टर सांगतील,” म्हणता म्हणता मला असं काही फिस्सकन हसू फुटलं की कोटाच्या बाहीने डोळे पुसावे लागले.

“अक्काले फोन करू?”

“डॉक्टर सांगतील, काका!”

“म्हणजे करतो.”

बाकीच्या तपासण्या पाहून डॉक्टरांनीही होकार दिला. काका वर्ध्याला गेले ते तिकडेच रमले. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण तेव्हा वर्ध्याहून आलेला एक फोटो माझ्या फ्रिजवर अजून आहे. अंगणात बाज, बाजेवर भाऊबहीण. अक्का इतक्या हसताहेत की हलून पुसट आल्यात. शेजारी दोन्ही हात डोक्यावर घेतलेले काका मात्र अगदी स्वच्छ.