जेनेटच्या खोलीची चावी

मैत्रिणींनो, फिलू आठवते ना? मधल्या सुट्टीत आपण तिच्या डब्यातला सुका बोंबील खायचो आणि सिस्टर आल्या की पटकन झाकण लावायचो.

आज सकाळी डोंगरीला तिच्याकडे गेले होते. तिची जेनेट सरकारी स्कॉलरशिपवर नर्स झाली. त्या बदल्यात आडगावातल्या आरोग्य केंद्रात काम करायचा बॉन्ड आहे. आज ती निघाली.

निघताना तिथल्या शिपायाचा फोन आला. "सिस्टर, सामान कमी आणा. आधीच्या सिस्टरचं सगळं इथंच पडलंय. कुलूपही नको, खोलीची चावी माझ्याकडेच असते."

जेनेट हसली. "बघा आंटी, भांड्यांचीपण सोय झाली."

फिलू हसली नाही. "सामान टाकून कोन जातं गो?"

"बॉन्ड हाय मम्मी. न्हाय गेले तर सर्टिफिकेट अडकवतील."

आता तिचा फोन लागत नाहीये. ती आधीची मुलगी कुठे गेली, कुणाला काही माहीत आहे का?

मंगल, तुझा भाऊ उद्या त्याच बाजूला जातोय ना? मी नवीन कुलूप घेतलंय. ते जेनेटच्याच हातात द्यायला सांग. एक चावी तिला, दुसरी फिलूला. शिपायाने मागितली तरी त्याला देऊ नका.