हरीशचा कडक श्रावण

आमचा हरीश दारू पीत नाही. ‘श्रावणात’ हा शब्द खरं तर पुढे जोडायला हवा, पण आमच्या घरात तो कुणी जोडत नसे. साताऱ्यात आमचे वडील तात्याराव चारचौघांत असंच सांगायचे, गुडगावात हरीशची बायको कल्पना असंच सांगायची, आणि मी, त्याची थोरली बहीण हेमलता, फरीदाबादेत बसून दातओठ खात ऐकायची. मी बोलले नाही असं नाही. पण माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. त्यातून निघालेलं खरंही लोक टोमण्यात जमा करतात.

हरीश पुण्याला इंजिनियर झाला आणि चौऱ्याण्णव साली गुडगावला आला. गुडगाव तेव्हा नुकतं उगवत होतं. इकडे काचेच्या इमारती, तिकडे मोहरीची शेतं आणि मधोमध दारूचा ठेका. पाण्याला टँकर यायचा, विजेला जनरेटर लागायचा, ठेक्याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून चोख. हरीशची कंपनी गाड्यांचे डॅशबोर्ड बनवायची आणि मानेसरच्या कारखान्यांना विकायची. तो सेल्सचा मुख्य. रोज संध्याकाळी कुठल्या तरी परचेस मॅनेजरला हॉटेलात बसवायचं, हे म्हणे कामच.

“डॅशबोर्ड विकायला दारू कशाला लागते रे?” मी एकदा विचारलं.

“ताई, तुला बिझनेस कळत नाही.”

नसेल कळत. पण पुढे पुढे परचेस मॅनेजर घरी गेला तरी हा बसून राहायला लागला, एवढं मला कळत होतं. मग रविवारीही सुरू झालं. रविवारी कोण डॅशबोर्ड विकत घेतं? मग एका सकाळी मला त्याच्या बाथरूममध्ये, गीझरच्या मागे बाटली दिसली. कल्पनाला विचारलं तर म्हणाली, “टेन्शन खूप आहे हो त्याला, ताई.” टेन्शन होतंच, मी नाही म्हणत नाही. दरवर्षी गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं, दरवर्षी साहेब टार्गेट चढवायचा. ते दोघे आपापल्या घरी सुखाने झोपत, आणि आमचा हरीश छताकडे बघत पडे.

मग शरीराने बोंब मारायला सुरुवात केली. छातीत धडधड, पोटात आग, तळपायाला मुंग्या, सकाळी ओकाऱ्या. हरीश डॉक्टरांकडे जायला कधीच मागेपुढे बघायचा नाही, अगदी आदर्श पेशंट! धडधडीसाठी हृदयवाला केला. मुंग्यांसाठी हाडांचा केला. मुंग्या तळपायाला, आणि त्याने पट्टा बांधला मानेला. पोटासाठी तिसरा, त्याने नळी घातली. प्रत्येक जण विचारी, “ड्रिंक करते हैं?” आणि हा कॉलर नीट करत सांगे, “सोशली.” बाईगं, काय तो शब्द! जणू हा पितो ती समाजाची सेवाच. एका रिपोर्टात लिव्हर सुजलंय असं आलं, तर कल्पनाने घरातलं तूप बंद केलं. बिचारं तूप! त्याची बाजू घ्यायला कुणीच नव्हतं.

एकदा मात्र तो माझ्याजवळ बोलला. मी त्याच्याकडे गेले होते, ओट्याशी पोहे परतत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती.

“ताई, सकाळी सही करता येत नाही मला. दोन घोट घेतले की येते.”

लहानपणी ह्याच हाताने त्याने माझ्या वहीवर शाई सांडली होती आणि मी त्याला बडवला होता. मी गॅस बंद केला. “हरी, हे जे आत्ता मला सांगितलंस ना, हेच्या हेच डॉक्टरला सांग. नाहीतर एक दिवस आटोपशील रे.”

“सांगतो,” तो म्हणाला.

आणि पुढच्या डॉक्टरकडे जाऊन म्हणाला, “सोशली.”

आता त्याचा श्रावण. तात्या निवृत्त संस्कृत शिक्षक. आई गेल्यापासून दर श्रावणात गुडगावला येतात, सोमवारी शंकराला अभिषेक करतात. त्यांच्यापुढे हरीशचा श्रावण अगदी कडक. कांदा नाही, लसूण नाही, दारूचं तर नावच नको. आदल्या रात्री गटारी. घरात कल्पना समया घासून दिव्यांच्या अवसेची पूजा करायची, आणि हा हॉटेलात महिन्याभराची बेगमी करायचा. त्याच्या पंजाबी मित्रांची फार पंचाईत व्हायची. त्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून ते बिचारे लिंबूपाणी घेऊन बसलेले, आणि हा त्यांना समजावतोय, “हमारा अभी शुरू नहीं हुआ, यार.” पंचांगाचा एवढा काटेकोर अभ्यास तात्यांनीसुद्धा केला नसेल.

मग दर वर्षी श्रावणाचे पहिले दिवस हा घामाने भिजायचा, लटलट कापायचा, ओकायचा. निदान तयारच होतं: साबुदाणा! उपासाने पित्त खवळलं. कल्पना साबुदाण्याऐवजी वरी करायची, आणि चार-सहा दिवसांनी तो सावरला की वरीला श्रेय मिळायचं. हरीशचा युक्तिवाद तर इंजिनियरचा. “ताई, बघ ना. घेत नाही तेव्हाच त्रास वाढतो. म्हणजे दारूचा ह्याच्याशी काही संबंध नाही. सिद्ध झालं!” मी कपाळावर हात मारून घेतला. श्रावण झाला, गणपती झाले, की हे सिद्ध झालेलं ज्ञान घेऊन तो पुन्हा हॉटेलात हजर.

दोन हजार एक सालची गटारी शुक्रवारी होती. शनिवारी श्रावण लागला. रविवारी कल्पनाचा फोन आला, “ह्या वेळी पित्त जरा जास्तच आहे.” सोमवारी सकाळी मी फरीदाबादहून अभिषेकाला पोचले, तर हरीश सोवळं नेसून पाटावर बसलेला आणि भिंतीकडे बोट दाखवतोय. “ताई, मुंग्या. केवढ्या मुंग्या! झाडू आण.” भिंत कोरी होती. तात्यांनी मंत्र थांबवला. पुढच्या क्षणी हरीशचं अंग ताठ झालं, डोळे फिरले, आणि तो अभिषेकाच्या ताम्हनावर कोसळून झटके देऊ लागला. दूध सगळीकडे सांडलं. कल्पना किंचाळली. मी त्याला कुशीवर वळवलं आणि शेजाऱ्याची गाडी मागवली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होती. घाईत विचारत होती, ताप होता का, डोक्याला मार लागला का, आधी कधी फिट आली होती का. मग म्हणाली, “शराब पीते हैं?”

“नहीं, बिल्कुल नहीं,” कल्पना म्हणाली. “हमारा श्रावण चल रहा है.”

डॉक्टरने मान हलवली आणि मेंदूच्या फोटोची तयारी करायला सांगितली. म्हणजे आता चुकीच्या दिशेने शोध सुरू, आणि आत माझा भाऊ पलंगाला बांधलेला! मी कल्पनाचा दंड धरला. “सांग त्यांना.”

“ताई, तात्या आहेत,” ती कुजबुजली.

होते की. तात्या बाकावर ताठ बसलेले, सोवळ्यातच, कपाळाला भस्म. त्यांच्यासमोर आमच्या घरात आजवर कुणी हरीशच्या पिण्याचा विषय काढला नव्हता. मला त्या दोघांचाही असा संताप आला! माणूस मेला तरी चालेल, श्रावण मोडता कामा नये. मी मोठ्याने म्हणाले, “डॉक्टरसाहब, रोज पीता है. सुबह से पीता है. शुक्रवार रात के बाद एकदम बंद की है.”

डॉक्टर गर्रकन वळली. “पहले क्यों नहीं बताया?”

तात्या उठले. त्यांचा आवाज चिरकत होता. “लेकिन अब तो नहीं पीता! तीन दिन से एक बूँद नहीं ली उसने.”

“इसीलिए तो, बाबूजी,” ती म्हणाली. इतक्या दारूची सवय लागलेलं शरीर, ती एकाएकी तोडली की असं पेटतं, जीवही जातो. बंद करायची ती डॉक्टरच्या देखरेखीत, औषधं घेऊन. हे सगळं तिने पळता पळता सांगितलं आणि आत गेली. तात्या खाली बसले. इतक्या वर्षांचा साबुदाणा आठवत असावेत.

हरीश वाचला. गुंगीची औषधं, व्हिटॅमिनची इंजेक्शनं, आणि हळूहळू भिंतीवरच्या मुंग्या गेल्या. घरी सोडण्याआधी त्याला दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडे पाठवलं, बरोबर आम्ही तिघंही. पाटीवर ‘मनोरोग विभाग’ लिहिलेलं बघून कल्पनाने पदर तोंडापर्यंत ओढला, जणू सगळं मानेसर पाळतीवर होतं. माझं सांगून झालं होतं. पण मी सांगितलं ते बेशुद्ध माणसाबद्दल. शुद्धीवर आलेला काय सांगतो ह्यावर पुढचं सगळं होतं. पुन्हा ‘सोशली’ म्हणाला, तर गणपती उठले की हा आपला हॉटेलात, आणि पुढच्या श्रावणात आम्ही स्मशानात.

डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी फाईल बाजूला सारली. “कितनी पीते हैं आप?”

हरीशचा हात सवयीने कॉलरकडे गेला. हॉस्पिटलच्या कपड्यांना कॉलर नव्हती. त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्यांना ते कळलं. ते काठी टेकून उठले. “मी बाहेर बसतो. तू बोल मोकळेपणी.”

हरीशने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

“बसा, तात्या. तुमच्यासमोरच सांगतो. परत धीर होणार नाही.”

तात्या बसले. हरीश डॉक्टरांकडे वळला आणि त्याने सांगितलं. सकाळी दात घासायच्या आधीची, ऑफिसच्या बाथरूममधली, गाडीतली, हॉटेलातली, गीझरमागची. मला वाटलं होतं मला सगळं माहीत आहे. निम्मंसुद्धा नव्हतं. तात्या जमिनीकडे बघत होते, पण बाही त्यांनी सोडवून घेतली नाही.

कल्पनाला ते ऐकवेना. ती पदरातून म्हणाली, “लेकिन डॉक्टरसाहब, श्रावण में ये कभी...”

“कल्पना,” हरीश म्हणाला, “श्रावणाचं राहू दे आता.”