तळ्यातल्या तराफ्यापर्यंत

वर्ध्याजवळच्या एका श्रमदान शिबिरात मी परदेशी मुलामुलींबरोबर बंधाऱ्याचे दगड वाहिले होते. त्या ओळखीतून मला स्कॉटलंडचं बोलावणं आलं. तिथल्या शाळकरी मुलांच्या उन्हाळी शिबिरात स्वयंसेविका म्हणून महिनाभर राहायचं, जाण्यायेण्याची सोय बोलावणारेच करणार. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कॉलेज संपवून मी देवळीला घरी होते आणि माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं.

"काऊन जाऊन राह्यली एवढी दूर? लोकाइचे लेकरं सांभाळाले?" आई म्हणाली.

बाबा पेरणीवरून आले होते. पाय धुता धुता म्हणाले, "जाऊ दे तिले. लगन का पळून जाते?"

मी गेले. नाव उन्हाळी शिबिर, पण जुलैतही माझ्या अंगात दोन स्वेटर. डोंगरांच्या मधे लांबच लांब काळं तळं आणि काठावर तंबू. शिबिराच्या प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांच्या, उंच, निवृत्त नर्सबाई. पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, "पोहता येतं?"

आमच्याकडे विहिरीत उड्या मारायची ती पोरं. आम्ही पोरी काठावर त्यांचे कपडे धरून उभ्या. मी नाही म्हणाले.

"मग मुलांना घेऊन तुला पाण्यावर जाता येणार नाही. नियम आहे."

आणि तिथलं सगळं पाण्यावरच होतं! होड्या, मासेमारी, पलीकडच्या बेटावरची सहल. मुलं तिकडे गेली की मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसायची. खिडकीतून त्यांचा आरडाओरडा ऐकू यायचा. एवढ्या दूर यासाठी आले का, असं वाटून एक दिवस मला रडूच आलं. मग हातातला बटाटा तसाच टाकून मी बाईंकडे गेले. "मला शिकायचंय," म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धक्क्यापासून त्या तराफ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मधे कशालाही हात लावायचा नाही. जमलं की होडी तुझी."

तळ्यात नांगरून ठेवलेला लाकडी तराफा काठावरून अगदी जवळ दिसायचा. पाण्यात उतरल्यावर तो दूर गेला. पाणी इतकं थंड की छातीतला श्वास वर येईना. बाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून माझ्या पोटाखाली हात धरायच्या. त्यांनी हात काढला की मी मराठीत बोंबलायची आणि बुडायची. काठावरची मुलं पोट धरून हसायची.

त्यांतली एक हसायची नाही. माझ्याच तंबूतली, गोऱ्या तोंडभर तपकिरी ठिपके असलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी. मुलांना मी मला 'ताई' म्हणायला शिकवलं होतं. एकदा टॉवेल देताना ती म्हणाली, "ताई, तू पाण्याशी भांडतेस. नुसती पडून राहा ना त्याच्यावर. कान बुडू दे."

दुसऱ्या दिवशी मी कान बुडू दिले. सगळे आवाज बंद झाले. वर नुसतं ढगाळ आभाळ, आणि खाली कुणाचाही हात नव्हता! मी तरंगत होते.

त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नसतं. नाश्त्याआधी रोज पाण्यात. पहिल्या परीक्षेत अर्ध्या वाटेवर दम संपला आणि शेजारून येणाऱ्या बाईंच्या होडीची कड धरावी लागली. "नापास," त्या म्हणाल्या, "पण अर्धं झालं." मी दात वाजवत विचारलं, "पुन्हा कधी?"

दुसऱ्या वेळी सगळं शिबिर धक्क्यावर जमलं. बाईंनी ओरडायची बंदी केली होती. मी हात मारत गेले, दमल्यावर उताणी झाले, पुन्हा वळले. तराफ्याचं ओलं लाकूड नाकासमोर आलं. ते धरायला हात शिवशिवत होता. धरलं नाही. वळसा घातला. परतीला पाय शिशाचे झाले, पाणी नाकातोंडात गेलं, पण आता मला ठाऊक होतं की मी बुडणार नाही. धक्क्याच्या शिडीला हात लागला आणि बंदी मोडून सगळी पोरं एकदम किंचाळली. ठिपक्यांची मुलगी तर कपड्यांसकट पाण्यात उडी मारून माझ्या गळ्यात पडली.

बाईंनी मला घोंगडीत गुंडाळलं. मग मुलांना गोळा करायची आपल्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या तंबूतल्या मुलींना घेऊन बेटावर गेले. वारा जोराचा होता, वल्ह्यांनी तळहात सोलले होते. उतरताच मुली चहूकडे पांगल्या. मी एका खडकावर चढले आणि सारा जीव ओतून शिट्टी फुंकली. बेटाच्या कानाकोपऱ्यातून सगळ्या माझ्याकडे धावत आल्या.